जंगूच्या मोहाखाली

१८ मार्च, सोमवार

आज मार खाल्लो. स्वप्निलच्या हातचा. अन खरं सांगतो, खायालेच पायजे होता!

झालं असं. सकाळी मोहाची फुलं वेचाले गेलो. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं हाय – माहं नाल्याच्या बाजूनं, स्वप्निलचं मधात, संघपाल अन त्याची बहीण रिना वरच्या अंगाले. झाडं लांब लांब. एकमेकाले दिसत नाई, आवाज तेवढा जाते. अन वाकून वेचनाऱ्या मानसाले वाघ जनावर समजते. म्हनून तोंड बंद ठेवाचंच नाई, असा आमचा नेम. मोबाईलवर गाने लावून भागत नाई – तो मानूस मेला तरी वाजतच राह्यते! आपन सोता बोलाचं.

अन आम्ही चौघं काय बोलन? पिक्चर! एकानं इचाराचं, दुसऱ्यानं सांगाचं, पाळीपाळीनं. ‘अंगारबाणमधी केशवराजू कोनाचा बदला घेते?’ – ‘मामाचा!’ – ‘दिलावर व्हिलन कोन्या पिक्चरमधी मरत नाई?’ – ‘ज्याच्यात त्याले घेतलाच नाई त्याच्यात!’ असं. पाळी आली अन बोलला, म्हंजे मानूस जित्ता हाय.

आज माही पाळी आली अन मी चूप बसलो.

रिनानं परत इचारलं, “कोल्या, बोल ना बे!” परत परत इचारलं. मी झाडाच्या बुडाशी तोंडात गमछा कोंबून हसून राह्यलो. मंग स्वप्निल कुऱ्हाड घेऊन धावत आला. तोंड पांढरंफट. मले पाह्यलं अन कानाखाली दिली. तिथीच खाली बसला, फुलाईवर.

त्याचा मोठा भाऊ जंगू. मागच्या वर्सी मोहाच्या दिवसात त्याची पाळी आली अन आवाज नाई आला. आम्ही समजलो मस्करी करून राह्यला. दुपारी गावातले लोकं त्याले झोळीत घेऊन आले.

मी लय भैताड हावो.

२० मार्च

जंगलाचा बीट गार्ड मुखवटे देऊन गेला. प्लास्टिकचे, डोक्याच्या मांगं बांधाचे. वाघ मांगूनच येते – त्याले वाटाले पायजे का मानूस आपल्याकडेच पाहून राह्यला. पन मुखवट्यावरचा मानूस म्हंजे निस्ता तलाठी! याले कोन भेन?

मी मूल गावच्या सलूनवाल्याकडून जुने पोस्टर मांगून आनलो. मुंडके कापलो, मुखवट्यावर चिपकवलो. स्वप्निलले केशवराजू, संघपालले दिलावर. रिनाले हिरोइन देत होतो तं म्हने, “मले बी केशवराजूच पायजे. हिरोइन कधी कोनाले भेवाडते का बे? रडते निस्ती!”

संघपाल म्हने, “दिलावरचा चेहरा लावला तं वाघ बी सलाम करन.”

“वाघ कायचा सलाम करते? दिलावरले तं बकरीनं बी मारलं हाय एका पिक्चरमधी!”

लय दिवसानं स्वप्निल हसला. मार माफ झाला वाटते.

जाताना मी सगळ्याईच्या मांगं चालत होतो. समोरून तीन हिरो-व्हिलन माह्याकडे पाहून हसत जाऊन राह्यले, उलटे! मजा वाटली. मंग थोड्या वेळानं नाई वाटली. मी समोर जाऊन चाललो.

२२ मार्च

आज जंगूचा आवाज काढलो.

ठरवून नाई. जंगूचं झाड स्वप्निलच्या झाडाच्या पलीकडे हाय, जंगलाच्या तोंडाशी. औंदा तिथी कोनी वेचत नाई. खाली फुलाईचा सडा. मी टोपलं घेऊन तिथी गेलतो – फुलं फुकट जाऊन राह्यली म्हनून. तिकडून संघपालनं आवाज देला, “लाल घाट पिक्चरमधी शेवटी काय होते?” माही पाळी होती. माह्या तोंडातून जंगू निघला! त्याचा तो बसका आवाज, नाकातून जरासा. “लाल घाटात केशवराजू पुरात वाहून जाते, अन पोरगी काठावर उभी राह्यते बे!”

मी लय जनाईचे आवाज काढतो. सरपंचाचा, मास्तरचा, म्हशीचा. पन असा हुबेहूब कधीच नाई निघला.

मंग स्वप्निल म्हने, लांबूनच, “अजून बोल ना बे.”

नाई बोललो. टोपलं उचललो अन माह्या झाडाकडे आलो.

२४ मार्च, शिमगा

संघपाल म्हने, “आज तं परवापेक्षा भारी केला तू जंगू!”

आज? आज मी काईच केलो नाई! माह्याच झाडाखाली होतो, वेचून राह्यलतो. मी म्हनलो तं तिघंबी हसले. मले बनवून राह्यले. मलेच! ठीक हाय, पाहून घेतो.

२६ मार्च

आता मस्करी पुरे झाली.

आज इंदिराबाई आल्या. स्वप्निलची अन जंगूची माय. टोपलं नाई, काई नाई. जंगूच्या झाडाखाली जाऊन बसल्या, जंगलाकडे तोंड करून. खांदे वाकलेले. वेचत नाई, बोलत नाई. लांबून पाह्यलं तं एखादं जनावर पानी पिऊन राह्यलं असंच वाटे.

स्वप्निलले म्हनलो, “बाईले काऊन आनला बे?”

म्हने, “मी कायले आनतो? सांगतलं फक्त. जंगू बोलते म्हनून.”

“अबे मी केलतो ते! एकदाच!”

“एकदा? दररोज करून राह्यला ना तू. आता बाईसाठी बी कर. तेवढंच तिले बरं वाटते. जेवली काल पोटभर.”

शप्पथ घेतलो. मानलंच नाई. माह्यासारख्यानं शप्पथ घेतली तं मस्करीच वाटते लोकाईले!

बरं, दररोज जंगू बोलते, तं मले काऊन नाई ऐकू येत? तिघाईले येते. माह्या कानाले काय झालं?

२९ मार्च

नाल्यात पंजे दिसले. ताजे. जंगूच्या झाडापासून जवळच. गार्डनं बाईले हात जोडले – “बाई, इथी चूपचाप बसू नका जी.” बाई हललीच नाई. स्वप्निलनं हात धरला तं झटकला. मानूस दररोज एकाच जागी, वाकून, मुका बसला तं जंगू गेला तशीच तेही जाईन. अन ते तिथी आली माह्या आवाजापाई. दुसऱ्या कोनाच्याच नाई.

म्हनून आज डोकं लावलो. ज्या आवाजानं आली त्याच आवाजानं धाडू! पळसाच्या आड लपलो, जंगूचा गळा काढलो – “वो माय, घरी जाय. मी मस्त हावो इथी. केशवराजूचा नवा पिक्चर आला, तो तुले सांगतो अन मंग जातो. शेवटी तो जितते, लग्न होते, सगळे घरी जाते...”

बाई जरा बी दचकली नाई. वळून बी नाई पाह्यली.

“कोल्या, बाहेर ये.”

आलो. काय करतो!

“तू पह्यल्या दिशी बी बोललास. स्वप्न्यानं सांगतलं तवाच मले समजलं तो तू होतास म्हनून. जंगू पिक्चरचा शेवट कोनाले सांगे नाई. माह्याशी बी भांडे – सांगू नोको वो, मजा जाते. तू सांगून टाकतोस.”

मी म्हनलो, “हो ना बाई! मीच होतो तो. मंग कायले येता?”

“दुसरा बोलते, तो शेवट नाई सांगत,” म्हने.

एवढंच. परत जंगलाकडे तोंड केलं.

३० मार्च

संघपालले सगळं सांगतलो. तो म्हने, “आमच्या घरी भूत-बित चालत नाई बावा, आमचे आजोबा दीक्षा घेतली तवाच सोडून आले ते सगळं. तूच आवाज काढतं अन तूच भेतं. डॉक्टरले दाखव.”

रिना जाताना हळूच म्हने, “कोल्या, खरंच तू नाई का?”

“नाई वो.”

“मंग उद्यापासून मले पाळी नोको देऊ.”

१ एप्रिल

लोकं आज मस्करी करतात म्हने. मी नाई केलो. जनमात पह्यल्यांदा.

२ एप्रिल

उद्या बाईजवळच बसनार. माहं झाड गेलं खड्ड्यात. तिच्या पाठीले पाठ लावून बसतो, मुखवट्याची गरज नाई मंग. ते हटत नाई तं मी बी हटत नाई.

३ एप्रिल

आजच लिहितो, नाईतं उद्या मलेच खोटं वाटन.

उजेड झाला तसा बाईजवळ गेलो. पाठीले पाठ लावून बसलो. ते म्हने, “बोलू नोको.” नाई बोललो. खाली मोहाचा सडा, वरून टप टप पडूनच राह्यलता. वास असा का डोकं धरे. तिकडे गप्पा चालू – रिना आलती, पाळी मात्र नाई घेत होती. संघपाल अन स्वप्निल दोघंच. केशवराजू म्हातारा दिसाले लागला का नाई याच्यावर भांडन. मंग स्वप्निल ओरडला, “कोल्या, तुही पाळी! म्हातारा का जवान?”

मी तोंड उघडाच्या आधी उत्तर आलं.

“मिशा काळ्या केल्या तं काय जवान होते का बे!”

जंगलाच्या आतून. माहा आवाज! माहंच हसनं, शेवटी खोकला येते ना मले, तो बी.

इंदिराबाई वळली. तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं. तोंड बंद होतं.

स्वप्निल तिकडून हसला – त्याले काय माईत! मंग परत माहाच आवाज, अजून आतून, “स्वप्न्या, इकडे ये ना बे, एक चीज दाखोतो.” मी असंच म्हंतो त्याले. नेहमी असंच म्हंतो! माहा लाडका डाव हाय तो.

अन तो निघाला. मी वळलो तं झाडाईतून दिसला मले, बाईच्या समोरून आत जाऊन राह्यलता. पाठ माह्याकडे. डोक्याच्या मांगं केशवराजू, गॉगल घालून, माह्याकडे पाहून हसत हसत जंगलाच्या अंधारात जाऊन राह्यलता.

मी बोंबललो, “स्वप्न्या जाऊ नोको! मी इथी हावो! तो मी नोहे!”

त्यानं वळून बी नाई पाह्यलं. हात हलवला निस्ता. “हो, हो! तू इथी अन तू तिथी! मस्त करतं बे!”

सगळा जनम मस्करी केलो ना. आता कोन आयकन?

तवा इंदिराबाई उठली. धावली नाई, रडली नाई. कंबरेवर हात देला, अन जशी चुलीपाशी उभी राहून गल्लीत आवाज देते तशीच –

“स्वप्न्या! घरी चाल! आंबील ऊन होऊन राह्यली, कवाचा बसला बोंबलत!”

इतक्या दिवसात जंगलात तिच्या तोंडून मोठ्यानं निघालेला पह्यला शब्द. स्वप्निल थांबला. तिचा आवाज खोटा करता येत नाई कोनाले. वळला. चार पावलं मांगं आला असन, तं त्याच्या पाठीमांगचा पळस हलला. पाला वाजला. काईतरी मोठं, जड, अजिबात घाई नाई – आत निघून गेलं.

गार्ड आला. पळसाखाली पंजे दाखवले. वाघ तिथी लय वेळचा बसून होता म्हने. मी इचारलो, मानसाचे पाय दिसते का? त्यानं माह्याकडे असं पाह्यलं का बस.

घरी येताना बाईनं स्वप्निलचा हात सोडला नाई. जंगूच्या झाडाकडे एकदाच पाह्यलं. म्हने, “मी बसली त्या मेलेल्यासाठी, अन हा जित्ता जात होता.”

४ एप्रिल

वाघानं नेलेला मानूस वाघासंगच फिरते, त्याच्यासाठी हाका मारते – जुने लोकं म्हंतात म्हने. संघपाल आज हसला नाई त्याच्यावर. पन मी कुठी मेलो? माहा आवाज काऊन?

बाई आता जात नाई. स्वप्निल जात नाई. कोनीच जात नाई.

८ एप्रिल

फारेस्टवाल्यानं तिकडचं जंगल बंद केलं. मोह खाली पडून सडून राह्यला. आज आम्ही चौघंही वावराच्या धुऱ्यापर्यंतच गेलो, संगं बाई. उभे राह्यलो. कोनीच तोंड उघडलं नाई.

आत गप्पा चालू होत्या.

संघपाल भांडून राह्यलता. रिना हसून राह्यलती. स्वप्निल. मी. अन जंगू – आज मले बी ऐकू आला. एका पिक्चरबद्दल बोलून राह्यलते, आमच्यापैकी कोनीच तो पाह्यला नाई.

बाईनं डोक्यावर पदर घेतला.

“चाला,” म्हने. “सोबत भेटली त्याले.”