ओटी भरल्यावर आलेला कागद

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा सही करायच्या वेळी तुम्हीच आठवलात. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे. टपालात तर टाकायचं नाही, कोरा कशाला वाया घालू?

आमच्या वलगावच्या बचत गटात दिल्लीहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांची संस्था परदेशातल्या एका कंपनीच्या पैशावर चालते, हे त्यांनी स्वतःच हसत सांगितलं. माझी जाऊ गटाची अध्यक्ष, मी सचिव; गटाला डाळमिल मिळावी म्हणून आम्ही अर्ज केलेला. रीतीप्रमाणे आधी आम्ही पाहुणीची ओटी भरली, खण-नारळ दिला, आणि मग त्यांनी कागद काढला. मोबाइलवर शेतीसल्ला देणाऱ्या कंपन्यांसाठी सरकार नियम करतंय, त्यावर म्हणे ‘वऱ्हाडातल्या शेतकरी महिलांची मागणी’. मागणी टाइप होऊनच आली होती. रिकामी होती ती फक्त सहीची जागा.

जाऊ कानाशी आली. "कर नं व सही. डाळमिलची शिफारस ह्याच बाई करून राहिल्या. ओटी भरली अन् आता नाई म्हणशीन काय?"

पेन हातात, आणि मी अकोल्याच्या आपल्या स्वयंपाकघरात. दहावीचा फॉर्म न वाचताच सही करून आणलाय, आणि तुम्ही जेवता जेवता थांबलात. "तुले लिहिता येते म्हणून वाचाचं नाई काय?" तव्यावर भाकर करपते आहे, आणि तुम्ही मला पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लावता.

म्हणून मी उभी राहिले आणि वाचलं. आमच्या शेताची, मातीची, पिकाची माहिती कंपन्यांनी आम्हाला न विचारता वापरावी, अशी म्हणे आमचीच मागणी! मागून एक म्हातारी बोलली, "माय व, हे मी कवा मांगतलं?" बायका खळखळून हसल्या. मॅडम नाही हसल्या.

मी म्हटलं, "मॅडम, यात ‘आमाले विचारून’ एवढंच टाका."

"मसुदा बदलता येत नाही, ताई. तो वरून ठरून आलाय."

जावेनं माझं मनगट दुखेस्तोवर दाबलं. मी पेनाचं टोपण लावलं. मॅडमनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

ती मागणी दुसऱ्या कुठल्या गावाच्या नावानं दिल्लीला पोचेलच. डाळमिल बहुधा गेली. जाऊ बोलत नाही. बाकीच्या म्हणतात, सचिवबाई लय खंबीर. देवापाशी बसून तुम्हाला मात्र खोटं लिहवत नाही, बाबा. मॅडमनी आणखी एकदा, गोडीनं म्हटलं असतं, तर मी सही केली असती.