तालिरान बेटाच्या जनरेटरला सोलर मिळण्याबाबत

प्रति,
मा. इंधन वितरण अधिकारी,
जिल्हा ऊर्जा कार्यालय, वाइसेलो.

विषय: आरोग्य केंद्राचा बंद केलेला सोलर पुरवठा तातडीने सुरू करण्याबाबत.

संदर्भ: 'सौर केंद्रांना इंधन न देण्याबाबत' हे आपले पत्र.

महोदय,

१. मी तालिरान बेटावर राहते. रसायनशास्त्राची पदवीधर आहे. येथील आरोग्य केंद्राचा जनरेटर उंडीच्या बियांपासून केलेल्या बायोडिझेलवर चालवण्याचा प्रयोग मी आपल्या परवानगीने करत आहे. मिश्रणात तीन भाग बायोडिझेल आणि सात भाग सोलर असते. धुराच्या नळीवर पांढरे फडके बांधून मी काजळी पाहते. पूर्वी ते काळे व्हायचे, आता जेमतेम राखाडी होते. केंद्राच्या सुईण इबु सालोमिना यांचा खोकला थांबला. त्या म्हणाल्या, "नोना, पोरी, तुझ्या धुराला केळी तळल्याचा वास येतो गं. माझ्या बाळंतिणी भुकेनं उठून बसतात!"

२. डिझेलला आपण सगळेच सोलर म्हणतो. आपण म्हणता, मी म्हणते, धक्क्यावरचे मासेमारही म्हणतात. त्यामुळे परवानगीच्या अर्जात मी 'सात भाग सोलर' असेच लिहिले. मात्र आपल्या कार्यालयात आलेली नवी संगणक यंत्रणा परदेशात तयार झालेली आहे. तिला सोलर म्हणजे ऊन एवढेच ठाऊक. तिने आमच्या केंद्राची नोंद 'सत्तर टक्के सूर्यावर चालणारे' अशी केली, आणि उन्हावर चालणाऱ्या केंद्राला डिझेल कशाला, म्हणून आमचा कोटा रद्द झाला.

३. मी तक्रार केल्यावर आपले निरीक्षक पाक रुस्दी येथे येऊन गेले. त्यांनी सौर पॅनेल दाखवायला सांगितली. पॅनेल कधीच नव्हती, असे मी सांगितले. ते शिडी लावून छपरावर चढले, उतरल्यावर पलंगाखालीही वाकून पाहिले. मग म्हणाले, "वर नाहीत, खाली नाहीत. कागदावर तर आहेत. म्हणजे नेली कुणीतरी." जनरेटर सांभाळणारे ओम येरी हसत म्हणाले, "बापा, सूर्यही नेलाय का बघा, सकाळपासून दिसला नाही." याची नोंद 'तपासात असहकार' अशी झाली आहे. ओम येरी आता हसत नाहीत.

४. सोलर नसल्याने मी आता जनरेटर नुसत्या बायोडिझेलवर चालवते. हे इंधन धुरापुरते स्वच्छ आहे, पण आमच्या जुन्या यंत्राला ते एकटे मानवत नाही. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ त्याने सोडवला आणि गाळणी तुंबू लागली. इंधनाची रबरी नळी फुगून मऊ पडली आहे. तिच्यातून थेंब गळतात आणि खाली तापलेले इंजिन असते. मी हे इंधन स्वतः केले आहे, म्हणून त्याची मला इतरांपेक्षा जास्त भीती वाटते. दिवा लुकलुकला की मी धावत जाऊन नळीला हात लावते.

५. माझी थोरली बहीण उसी फेर्दिना हिच्या पोटात जुळी आहेत आणि तिचे दिवस भरत आले आहेत. आधी येणारे बाळ आडवे आहे. मागच्या बाळंतपणात तिला फार रक्त गेले होते, तेव्हा दिवा आणि प्राणवायूचे यंत्र दोन्ही चालू होते म्हणून ती वाचली. आता पश्चिमेचा वारा सुटला आहे. तिला वाइसेलोला न्यायला कोणी लहान होडी काढत नाही आणि कोणी काढली तरी मी तिला बसू देणार नाही. फक्त आपली सरकारी बोट येऊ शकते. उसी मला म्हणते, "घाबरतेस कशाला? मी भर दुपारी बाळंत होते, म्हणजे साहेबांचा कागद खरा होईल." इबु सालोमिना यावर हसल्या नाहीत. त्यांनी मला बाहेर बोलावले आणि म्हणाल्या, "अंधारात मी बाळ चाचपू, की रक्त कुठून येतंय ते?"

६. आपल्या कार्यालयात विचारले असता कळले, की नोंद बदलण्याची सोय संगणकात नाही. मात्र ज्या केंद्राची पॅनेल चोरीला गेली आहेत, त्याला तातडीचे सोलर देण्याचा नियम आहे. त्यासाठी चोरीची नोंद पूर्ण व्हावी लागते, आणि चोराच्या नावाशिवाय ती पूर्ण होत नाही. "नाव आणा, लगेच सही करतो," असे पाक रुस्दी म्हणाले. ते ओम येरींचे नाव लिहायला निघाले होते. ओम येरींना नेले, तर जनरेटर सुरू करणारे हातही जातील.

७. यावर मी पुष्कळ विचार केला. पॅनेल नव्हती हे सिद्ध करायला मला वेळ हवा, आणि तो उसीकडे नाही. म्हणून विनंती करते, की चोर म्हणून माझे नाव लिहावे. पॅनेल किती होती, ते संगणकात पाहून आपणच भरावे. कुठे विकली असे विचारल्यास आपण सांगाल ते गाव मी सांगेन.

मला न्यायला शिपाई पाठवावा. मी धक्क्यावर उभी राहीन. मात्र तो ज्या बोटीने येईल, त्याच बोटीत सोलरची पिंपे असावीत, आणि मी बोटीत चढण्याआधी ती उतरवली जावीत, एवढी कृपा व्हावी.

आपल्या बोटीच्या वाटेवर डोळे लावून,
नम्र अर्जदार,
युलिता लेत्सोइन
तालिरान, १४ जानेवारी

सोबत: फुगलेल्या रबरी नळीचा तुकडा (उरलेली नळी वापरात आहे), अर्जदाराचे ओळखपत्र.