डाव्या हातातली धाकटी

सोमवार, ४
आले एकदाची! चित्रकारबाईंच्या घरामागची खोली मिळालीय. उत्तरेची मोठी खिडकी, रंगांनी बरबटलेलं टेबल, कोपऱ्यात बेसिन. महिनाभर इथेच राहून शिकायचं. बाईंना सांगितलं, मला एकच चेहरा काढायचाय, माझ्या धाकट्या बहिणीचा. सातव्या वर्षी तळ्यात बुडाली ती. फोटो एकही उरला नाही आणि हल्ली चेहराही आठवेनासा झालाय. बाई म्हणाल्या, आधी कागदाला घाबरणं सोडा, तो काही तुमची सासू नाही.

बुधवार, ६
माझ्या रेषा इस्त्री केल्यासारख्या आहेत म्हणे. बाईंनी खोडरबर काढून घेतला. आता उभ्याने, जाड ब्रशने आणि उलट्या हाताने काढायचं, म्हणजे हात शहाणपणा करत नाही. मला हसू आलं. मी मुळात डावखुरीच. कॉन्व्हेंट शाळेत मदरनी पट्टीने बोटं शेकून उजवी केली. पन्नास वर्षांनी डाव्या हातात ब्रश घेतला. बोटं आधी लाजली, मग सुटलीच. तळं, पायऱ्या, पाठमोरी, दोन वेण्यांची मुलगी. रिबिनीसुद्धा! खूप रडले. बरं वाटलं.

गुरुवार, ७
आज कोळशाने, डोळे मिटून. धाकटी पुन्हा आली, किंचित वळलेली. गाल दिसतो. कागद खालून ओला झाला होता. बाई म्हणाल्या, बेसिनपाशी नका हो ठेवत जाऊ. मी ठेवला नव्हता.

शनिवार, ९
तो कागद काल पालथा घातला होता. सकाळी उताणा— ती आणखी वळलेली, एक हात पुढे. माझा डावा हात गार पडलाय, बोटं पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलीत. बाई म्हणाल्या, सवय नाही ना, हात मोकळा सोडा.
तळ्याकाठी बदक होतं. मला ते वहीत काढायचं होतं. धाकटीचा हात माझ्या डाव्या हातात, आणि मला तो मोकळा हवा—

रविवार, १०
घरी मी सांगितलं, तिनेच हात सोडवून घेतला. आई जन्मभर तिलाच द्वाड म्हणत राहिली. तिलाच.

सोमवार, ११
चेहरा दिसला. 'ताई' म्हणताना ओठ व्हायचे, तस्सेच. रागावलेली नाही. त्याचंच जास्त—
उजव्या हाताने लिहितेय. डावा कागदावर आहे, त्यात इवली बोटं. ओली. बाई दार वाजवताहेत, दाराखालून पाणी येतंय म्हणतात. झटकला तर हात सुटेल. नाही झटकणार.
आई, तिने नव्हता सोडला. मी—