बूट काहून काढले, दादा?

मेडशी

प्रिय दादा,

तुही तेरवी झाली तवापासून एक गोष्ट डोक्यात फिरून राह्यली. सोमवारी तुहे जवाई, म्हंजे आमचे हे, तुह्याच त्या चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत कामाले चालले. म्हून आज लिहाले बसली.

खाली कसं असते रे? आपल्या इहिरीसारखं थंडगार? मान वर केली तं आभाळाचा तुकडा दिसते का? तू सुट्टीत आलता तवा इचारलं, तं म्हनला, "अंधारच अंधार, अजून काय सांगू तुले!" एवढ्यावर कोनाचं समाधान होते का?

पायात खिळा घुसला, धनुर्वात झाला, अन् तू गेला. तुही पेटी आनाले हे खाणीवर गेले, तवा सरकारी साहेब चौकशीले आलता. त्यानं मुकादमाले धारेवर धरलं म्हने. "बूट दिले होते, मग पायात का नव्हते?"

मुकादम म्हनला, "हे इहिरी खांदनारे लोक, साहेब. टोपी घालतेत, पन बूट खाणीच्या तोंडाशीच काढून ठेवतेत. ऐकतच नाईत."

"ऐकवणं तुमचं काम आहे. नव्या कायद्यात आधी तुम्हालाच जाब विचारतात."

हे घरी येऊन सांगत होते अन् माय रडत होती. मले मात्र पटकन समजलं. बाप्पा! खांदाले उतराचं तं वहाना वर काढाच्या, धरतीले उघडाच पाय लावाचा, हे आपल्या बाबानं शिकवलं. डोकं झाकलेलं चालते, म्हून टोपी घातली! साहेबाले हे कोनी सांगतलंच नाई. कायदा करनाऱ्यानं बी कधी इचारलं नाई, बाबाहो, तुमी बूट काढता कायले?

पन तू तरी! तिथं लोखंड पडलेलं असते, माहीत नोतं का तुले? राग येते मले तुहा. लय येते.

ह्यांले म्हनलं, बूट काढाचे नाईत. तं म्हनतेत, "धरतीमाय कोपते." कोपते का? कोनी पायलं? मले राहावलं नाई. तुहे बूट पेटीत कोऱ्यासारखेच होते. ते घातले, ओचा खोचला, अन् वावरात नवी इहीर खांदून राह्यले ना, तिच्यात शिडीनं उतरली. वरून सारे वरडले. माय तं ऊर बडवून राह्यली, "बुडाली वं पोरगी!" पान्याचा थेंब नोता, बुडन कशी?

खाली हात जोडले अन् साफ सांगतलं: धरतीमाय, बूट घालून मीच आली, ह्यांले बी मीच घालाले लावीन. राग आला तं माह्यावर काढजो.

वर आली तं हे पुढं आले. खाली वाकून त्यायनं माह्या पायातले बूट काढले अन् सोताच्या पायात घालून पायले. बोटाले चावतेत म्हने.

चावू दे. दादा, तुले शब्द देते. धरती कोपलीच तं मी पाहून घेईन, पन आपल्या घरचा पाय आता तिथं उघडा उतरनार नाई.

तुही,
शेवंता