ऑक्सिजनची चावी

पांढुर्णा, मंगळवार, जानेवारी १९८६

कापसाच्या जिनिंगात रुईची धूळ खाऊन फुप्फुसं फुगलेला लक्ष्मण आज वॉर्डात धापून राहिला होता. त्याची बायको कौसल्या म्हणाली, "सिस्टर, जरा जास्त सोडा न!" मी ऑक्सिजनची चावी पूर्ण फिरवली. तो शांत झोपला. मला बरंच वाटलं.

डॉक्टर आले नि ओरडले, "झोप नाही ही! अशा फुगलेल्या फुप्फुसांना जास्त ऑक्सिजन दिला की श्वास मंदावतो, कार्बन डायऑक्साइड साचून राहिला. चावी कोणी फिरवली?"

माझं तोंडच उघडलं नाही. का? इतकी वर्षं सिस्टर आहे मी!

"म्याच फिरवली, साहेब," कौसल्या म्हणाली. शिव्या तिनंच खाल्ल्या.

डॉक्टरांनी ऑक्सिजन कमी केला, लक्ष्मण शुद्धीवर आला. पण ती चावी मी फिरवली होती... ड्यूटी संपताना कौसल्यानं मला दोन संत्री दिली. उद्याही नवऱ्याला माझ्याच हाती सोपवायचं आहे तिला.

मी संत्री घेतली.