एच. थ्वेट म्हणजे कोण

हार्थले, यॉर्कशर
३ फेब्रुवारी १९२४

ती. डॉर्कसताईस,
हेस्टरचा सा. न. वि. वि.

बातमी आधी, खुशाली मागून. माझी ‘किनारा’ ही संगीतरचना निवडली गेली! ऑक्टोबरच्या संगीत महोत्सवात, टाउन हॉलमध्ये, साठ वादक आणि दोनशे गायक! समितीचं पत्र ‘श्री. एच. थ्वेट’ यांच्या नावाने आलं, तेव्हाच ओळखलं की घोळ आहे. काल चांगली टोपी घालून कचेरीत गेले. चिटणीस मिस्टर क्रॅबट्री भारी सभ्य. म्हणाले, बंधूंची तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, त्यांचा जन्मच व्हायचा राहिला. एच म्हणजे मी. कपबशी कुठे ठेवावी ते बिचाऱ्यांना सुचेना.

मग अटी सुरू झाल्या. वाद्यवृंदाचं संचालन डॉक्टर पेनरोज करणार, कारण साठ पुरुषांपुढे बाईने छडी घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. हे मी गिळलं. पण मधला भाग, बोटींची वाट पाहणाऱ्या बायकांचा, साथीविना गायचा, तो काढून टाका म्हणतात. वाद्यांशिवाय इतका वेळ सूर टिकत नाही; लिहिणाऱ्याला गळ्याचा अंदाज नाही म्हणे. ताई, सोळा वर्षं मी गळेच शिकवते आहे! गिरणीतल्या माझ्या बावीस मुली दर मंगळवारी तो भाग गातात.

महिनाअखेर उत्तर द्यायचंय. बाबांना इतक्यात सांगू नकोस. भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
हेस्टर

स्टेन्बी
११ फेब्रुवारी १९२४

चि. हेस्टरला,
अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी नाचले आणि मग काळजीत पडले. ह्यांचं म्हणणं, वादळात शीड थोडं उतरवणाऱ्याचीच बोट घरी येते. मधला भाग सोडून दे, पुढच्या वर्षी बघू. मलाही रात्रभर तसंच वाटलं. सकाळी हेरिंग मासे साफ करताना मात्र तुझ्यावर नाही, त्या क्रॅबट्रीवर राग आला. वाट पाहणाऱ्या बायका गाळल्या, तर मग त्या किनाऱ्यावर उरलं काय? दगड? एक ओळसुद्धा देऊ नकोस.

बाबांना मी सांगितलं नाही. पत्र टेबलावर राहिलं, त्याला मी काय करू? वाचून म्हणाले, बाईमाणसाने गावं, लिहायच्या भानगडीत पडू नये. मग चष्मा पुसत बसले. लवकर कळव. जेवणाची आबाळ करू नकोस, तुला ती सवय आहे.

तुझी ताई,
डॉर्कस

हार्थले
६ मार्च १९२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लेखी उत्तर दिलंच नाही. मंगळवारी ऐकायला या, एवढंच कळवलं. आणि आले की! क्रॅबट्री, समितीचे दोन गृहस्थ आणि खुद्द डॉक्टर पेनरोज. मुली गिरणीतून तशाच आलेल्या, केसांत कापसाचे तंतू. एकाने विचारलं, साथीविना सूर कसा धरणार? आमची एडा सग्डन फटकळ. म्हणाली, साहेब, दिवसभर मागांच्या खडखडाटात धरतो, इथे काय, देवळासारखं शांत आहे.

पेनरोज पियानोपाशी बसून राहिले. गाणं संपलं तेव्हा मुली सुरावरून घसरल्या का, हे पाहायला त्यांनी तो सूर वाजवला. तोच! त्यांनी पुन्हा वाजवला, जणू खोटं बोलत असेल तर पियानोच. मग उठून मुलींना वाकून नमस्कार केला. मधला भाग राहणार, तो माझ्या मुलीच गाणार, आणि कार्यक्रमपत्रिकेवर ‘हेस्टर थ्वेट’ असं पुरं नाव छापणार. संचालन त्यांच्याकडेच राहील. असू दे. तुम्ही सगळे याच. प्रेम तर हवंच, पण टाळ्याही हव्यात.

तुझी,
हेस्टर

स्टेन्बी
२८ ऑक्टोबर १९२४

चि. हेस्टर हिस,
बाबांचे अ. आ.

पत्र लिहायची मला सवय नाही. डॉर्कसने दौत समोर ठेवली आणि दार लावून निघून गेली.

महोत्सवाला मी आलो होतो. शेवटच्या रांगेत बसलो, न आवडलं तर उठून जाता यावं म्हणून. डॉक्टर पेनरोज पुढे आले आणि सर्वांसमक्ष म्हणाले की, तालमीत मधला भाग माझ्या हातून दोनदा फसला, मुली मात्र चुकल्या नाहीत; तेव्हा ज्यांचं लेकरू त्यांनीच चालवावं. आणि छडी तुझ्या हाती दिली. असं बोलायला मोठं मन लागतं. माझं तेवढं नव्हतं.

मुली गात होत्या तेव्हा सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मला धक्क्यावर उभी असलेली तुझी आई दिसत होती. वाद्यं परत आली ती नेमकी त्यांच्याच सुरावर, केसाचाही फरक नाही. दोष काढायचाच तर शेवटी ढोल जरा जास्त झाला. शेजारच्या गृहस्थांना मी म्हटलं, ही माझी मुलगी. ते म्हणाले, ठाऊक आहे, तुम्ही चौथ्यांदा सांगताय.

चाळीस वर्षं मी गावातल्या मुलग्यांना ऑर्गन शिकवला. तुला त्या बाकावर कधी बसू दिलं नाही. का, ते आठवून पाहिलं. सांगण्याजोगं कारण सापडलं नाही.

काल दोरखंडवाल्या पिकरिंगची नऊ वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिला गाणी लिहायला शिकायचंय, हेस्टरबाईंसारखी. मी हो म्हणून बसलो. वाजवायला शिकवीन, लिहायला कसं शिकवतात, ते मला माहीत नाही. ती पुढच्या गुरुवारी येणार आहे. पहिल्या दिवशी तिला काय सांगू, ते उलट टपाली कळव.

तुझे बाबा,
जोसाया थ्वेट