कावळ्यापाशी कोणी शब्द देऊ नये

॥ श्री शारंगधर प्रसन्न ॥

मी, मनकर्णाबाई जानराव लहाने, वय ४९, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. बुद्धी शाबूत आहे. मूत्रपिंडे तेवढी नाहीत. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक दाखवील असे माणूस घरात उरलेले नाही.

१. डॉक्टर नारायणराव म्हणतात, मुंबईस रक्त धुणारे यंत्र आले आहे, पण ते थोड्यांच्याच वाट्याला येते. त्यासाठी घर विकायचे माझ्या एकुलत्या विधवा मुलीने, चांगुणाने, मनात घेतले होते. मी नको म्हटले. जन्मभर धुणे मी हाताने धुतले. धुण्यापायी कोणी घर विकत नाही. राहते घर माझ्या माहेरच्या सोन्यातून घेतलेले, माझ्या नावचे आहे. ते चांगुणाला दिले. दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

२. मीठ सुटून पाच वर्षे झाली. पाणीही मापून. चांगुणाने तांब्यात खिळ्याने रेघ ओढली, दिवसाला तेवढेच. जास्त मागितले की म्हणते, "माय, रेघीले इचार." तो तांब्या मोडीत घालू नये. त्याने तुळशीला काठोकाठ पाणी घालावे.

३. हिशेबाच्या वह्या बंबात घालाव्या. त्यात गुपित काही नाही. पाणी चांगले तापेल.

४. आता मुख्य. सासूबाईंच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. माझे दीर रंगराव उन्हाचे निमित्त करून पिंडाजवळ छत्री उघडून उभे होते. म्हणाले, "दादा, मायचा जीव मळ्यात गुतला. मले देतो म्हन, आत्ता येते कावळा." यजमान भोळे. "देला बे," म्हणाले. रंगरावांनी छत्री मिटली आणि कावळा उतरला. ही गंमत मी एकटीने पाहिली.

माझ्या दहाव्याला जीव घरात गुतल्याचे निघेल आणि चांगुणा रडत रडत हो म्हणेल. म्हणून लिहून ठेवते : माझा जीव मिठात गुतला आहे, दुसऱ्या कशातही नाही. पिंडाशेजारी लिंबाच्या लोणच्याची मोठी फोड ठेवावी. गुरुजींनी नाक मुरडले तरी ठेवावी. इतके करूनही कावळा न आला, तर दर्भाचा कावळा शिववून सर्वांनी जेवायला जावे. कावळ्यापाशी कोणी शब्द देऊ नये. दिल्यास तो रद्द समजावा.

५. माझी काळी छत्री रंगरावांना द्यावी. मात्र दहावा उरकल्यावर.

एवढे रंगरावांना वाचून दाखवले. साक्षीला त्यांना मीच बोलावले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "वयनी, लोनचं मी घेऊन यीन. उघड्या डोक्यानं यीन."

मी म्हटले, "या भावजी. पन घाई करू नका."

मग त्यांनी सही केली.

लिहून देणार : मनकर्णाबाई जानराव लहाने (सही)
साक्षीदार : १. डॉक्टर नारायणराव (सही)
२. रंगराव लहाने, दीर (सही)

मुक्काम मेहकर, ता. ९ एप्रिल १९७१